रकान्यात नसलेली माणसं

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'सरकारी नोकरीतील माझी वाटचाल'. मी म्हटलं, वाटचाल सांगण्याइतकं वय नाही माझं. वाट आणि चाल या दोन गोष्टींवर मात्र बोलते, कारण त्यांचाच पगार मला मिळतो. संयोजक हसले आणि 'वीस मिनिटं' एवढंच म्हणाले.

मी रस्त्यांच्या नियोजनाचं काम करणाऱ्या एका सरकारी कार्यालयात सगळ्यांत खालच्या तांत्रिक पदावर लागले, आणि आजही फार वर गेलेली नाही. आमच्या पाड्यावर सगळे समजतात की मी रस्ते बांधते. गेल्या पावसाळ्यात एका काकांनी मला मुद्दाम बोलावून खड्डा दाखवला आणि 'आता तूच आलीस, बुजव' म्हणाले. काका, रस्ता बांधणारे वेगळे, खड्डा बुजवणारे वेगळे. आमचं काम त्याच्या कितीतरी आधी होतं. रस्ता कुठे हवा, किती रुंद हवा, आधी कोणता आणि मग कोणता, हे ठरवायला जी माहिती लागते ती आम्ही गोळा करतो, तपासतो, तक्त्यात भरतो. वरचे अधिकारी त्या तक्त्यावरून निर्णय घेतात. तक्ता चुकला तर निर्णय चुकतो, आणि तक्ता भरणारा नेहमी सगळ्यांत नवा माणूस असतो. हे मला पहिल्या आठवड्यात कळलं आणि घाम फुटला.

इथे पोचायचा मार्ग मुलांना चटकन सांगते. दहावीनंतर स्थापत्य अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका, मग स्पर्धा परीक्षा. गणित लागतं, पण भीती वाटावी इतकं नाही. सरासरी, शेकडेवारी, गुणक. ज्याला चिकूच्या पेट्यांचा हिशेब येतो त्याला हे येतं.

आता काम. माझं पहिलं काम होतं वाहतूक गणना. रस्त्याच्या कडेला एक ताडपत्री, दोन खुर्च्या, एक पाण्याचा कॅन, आणि क्लिपबोर्डला लावलेला छापील तक्ता. सलग सात दिवस, दिवसाचे चोवीस तास, आठ-आठ तासांच्या पाळ्या. जाणारी वाहनं एकाकडे, येणारी दुसऱ्याकडे. प्रत्येक वाहनासाठी त्या-त्या रकान्यात एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी, म्हणजे एक जुडी. तासाला पान बदलायचं. रात्री दोन वाजता समोरून नुसते दिवे येतात. ट्रक की बस, दोन आसांचा की तीन, हे आवाजावरून आणि मागच्या लाल दिव्यांच्या उंचीवरून ओळखायला मी तिसऱ्या रात्री शिकले. आता बऱ्याच ठिकाणी कॅमेरे लावतात आणि मोजणी पडद्यावर होते. पण गावाकडच्या रस्त्यांवर अजून माणूस बसतो, आणि मला विचाराल तर बसावाच.

ही गणना वर्षातून किमान दोनदा करायची असं मार्गदर्शक पुस्तकात आहे. एकदा पीक निघून माल बाजाराला जातो तेव्हा, आणि एकदा मंदीच्या दिवसांत. जत्रेचे दिवस टाळायचे, कारण ती नेहमीची वाहतूक नव्हे. म्हणजे चैत्र पौर्णिमेपासून महालक्ष्मीची यात्रा भरते तेव्हा चारोटीकडे कुणी क्लिपबोर्ड घेऊन बसायचं नाही. ते ठीक आहे.

सात दिवसांनंतर कार्यालयात बसून जुड्यांचे आकडे होतात. आणि इथे मला सगळ्यांत गमतीची वाटलेली गोष्ट येते. रस्त्यावर मोटार जाते, मोटारसायकल जाते, ट्रक जातो, बैलगाडी जाते. यांची बेरीज कशी करायची? म्हणून सगळ्यांना मोटारीच्या मापात आणतात. त्याला 'पीसीयू' म्हणतात, पॅसेंजर कार युनिट. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली गावाकडच्या रस्त्यांसाठी जी पुस्तिका काढली तिच्यात हे गुणक आहेत. मोटार म्हणजे एक. मोटारसायकल अर्धी. सायकलही अर्धी. ट्रक किंवा बस तीन. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर साडेचार. आणि बैलगाडी? आठ! लहान असेल तर सहा. आमच्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते दिवसभर खुशीत होते. 'आठ मोटारींचा मालक' म्हणून त्यांनी दोन-तीन जणांना सांगितलंही.

यामागे हिशेब आहे. बैलगाडी हळू जाते, रस्ता अडवते, मागचे खोळंबतात. एक वाहन दुसऱ्या वाहनांची किती जागा आणि किती वेळ खातं, त्याचं ते माप आहे. मग बेरीज बघायची. सपाट भागातल्या एकपदरी रस्त्याला दिवसाला दोन हजार पीसीयू झेपतात, मधल्या रुंदीच्या रस्त्याला सहा हजार, दुपदरीला पंधरा हजार. आकडा त्याच्या जवळ गेला की रुंदीकरणाचा प्रस्ताव होतो. एवढं साधं आहे ते. मला ते आवडलं, अजूनही आवडतं. कुणाची ओळख आहे, कुणाचा दबाव आहे, हे त्या बेरजेत कुठे येत नाही.

पण त्या यादीत पायी चालणाऱ्या माणसाला गुणक नाही. शून्यसुद्धा नाही. रकानाच नाही.

हे मला पुस्तक वाचून कळलं नाही. आपल्याच तालुक्यातल्या एका ग्रामीण मार्गावर पहाटेच्या पाळीला बसले होते, तेव्हा कळलं. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, तिथले दोघेतिघे समोर बसलेत. उजाडायच्या आधी बायका यायला लागल्या. कुणाच्या डोक्यावर गवताचा भारा, कुणाच्या लाकडाची मोळी, कुणाच्या पाटीत भाजी. मागून वाडीवर कामाला जाणाऱ्या मुली, हातात डबा. मग गणवेशातली पोरं, तीही चालतच. तासाभरात माझ्या छापील तक्त्यात वाहनांच्या दोन जुड्या भरल्या नाहीत. मी सहज म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला माणसांच्या जुड्या काढायला सुरुवात केली. तास संपायच्या आधी मागची बाजू संपली.

जी माहिती त्या तक्त्यातून वर जाणार होती ती अशी, की सकाळच्या वेळी हा रस्ता जवळजवळ रिकामा असतो.

यात कुणाची लबाडी नाही, हे आधी स्पष्ट करते. ती पुस्तिका रस्त्याच्या वाहन वाहून नेण्याच्या क्षमतेबद्दल आहे, आणि त्या कामासाठी चांगली आहे. शहरातल्या पादचाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका आहे. अडचण आपली आहे. आपल्याकडे रस्त्यावर सगळ्यांत जास्त असतो तो चालणारा माणूस, आणि आपण शहरही नाही. दोन पुस्तिकांच्या मधल्या फटीत डहाणू आणि तलासरी बसतात.

मी मग जरा शोधायला लागले. जनगणनेत चालणाऱ्यांची नोंद असेल असं वाटलं. आहे! २०११च्या जनगणनेत माणूस कामावर किती लांब आणि कशाने जातो हे विचारलं होतं, आणि पर्यायांत 'पायी' हा पहिलाच होता. मला फार आनंद झाला. मग तक्त्याचं शीर्षक नीट वाचलं. प्रसिद्ध झालेला तक्ता फक्त 'इतर कामगारां'चा आहे. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे त्यात धरलेले नाहीत. घोलवडच्या वाडीत चिकू तोडायला दुसऱ्याच्या पाड्यावरून चालत जाणारी बाई शेतमजूर ठरते. म्हणजे ती तिथेही नाही.

आता ती कुठे सापडते ते सांगते. केंद्र सरकारचा रस्ते अपघातांचा अहवाल दर वर्षी निघतो. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत पायी चालणारी ३२,८२५. जवळजवळ दर पाचांत एक. वाहतुकीच्या आमच्या सगळ्या कागदांत चालणाऱ्याला स्वतःचा रकाना मिळतो तो या कागदावर.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. तेव्हा आपल्या महामार्गाबद्दल सगळ्या देशाने बोलायला सुरुवात केली. मागच्या सीटचा पट्टा, पुलापाशी अरुंद होणारी मार्गिका, सूचनाफलक. ती चर्चा व्हायलाच हवी होती. पण आपल्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीचं एक तरी माणूस तो महामार्ग आडवा ओलांडताना गेलं आहे किंवा जायबंदी झालं आहे. ओलांडणं हा शब्द लक्षात ठेवा. आम्ही रस्त्याच्या लांबीने जाणाऱ्याला मोजतो. त्याला आडवा छेदून पलीकडच्या पाड्यावर, शाळेत, रेशनच्या दुकानात जाणाऱ्याला मोजायला कुणी बसत नाही. वाहनवाल्यासाठी तो रस्ता असतो. अलीकडच्या पाड्यासाठी ती एक नदी असते, आणि होडी नसते.

आपल्या दोन तालुक्यांतून आता किती काय चाललं आहे ते तुम्ही रोज बघता. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, बुलेट ट्रेन, दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग, विरार-डहाणू चौपदरी लोहमार्ग, आणि २०२४ साली भूमिपूजन झालेलं वाढवण बंदर. यांतलं काय हवं, काय नको, यावर या मंडपातसुद्धा एकमत होणार नाही, आणि मी सरकारी नोकर आहे, त्यामुळे माझ्याकडून मत काढून घेऊ नका. कामापुरतं एक बोलते. या प्रत्येकाचे जाडजूड अहवाल असतात, त्यांत पुढच्या वीस-तीस वर्षांचे अंदाज असतात. आणि या सगळ्या रेघा उत्तर-दक्षिण आहेत. आपण माणसं मात्र डोंगराकडून समुद्राकडे आणि समुद्राकडून डोंगराकडे चालतो, पूर्व-पश्चिम. कामाला वाड्यांकडे, बाजाराला स्टेशनकडे, परत घरी डोंगराकडे. प्रत्येक नवी रेघ आपल्याला आडवी येते. तिच्यावर कुठे भुयारी वाट ठेवायची, कुठे पादचारी पूल, हे ठरवताना कुणीतरी विचारतं की इथून रोज किती माणसं ओलांडतात. त्या प्रश्नाचं उत्तर कागदावर नसेल तर अंदाजाने ठरतं.

त्या पहाटेच्या जुड्यांचं पुढे काय झालं ते राहिलं. त्या मार्गावर ओहळावर एक फरशी आहे. पावसाळ्यात पाणी फरशीवरून गेलं की पलीकडचे पाडे तुटतात. तिथे लहान पूल बांधायचा प्रस्ताव होता आणि गणना त्यासाठीच चालली होती. मी मागच्या बाजूच्या जुड्या स्वच्छ कागदावर उतरवल्या आणि साहेबांपुढे ठेवल्या. आमचे साहेब शांत माणूस. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "याला गुणक कोणता लावू?" मी गप्प. ते म्हणाले, "तक्त्यात जागा नाही हे खरं. पण फाइलीत टिपणीला जागा असते. टिपणी लिही. आकडे दे, विशेषणं देऊ नकोस."

मुलांनो, हे वाक्य वहीत लिहून घेण्यासारखं आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात 'बिचाऱ्या' होतं, 'हालअपेष्टा' होतं. ते सगळं साहेबांनी लाल पेनने काढलं. राहिलं ते असं: कोणत्या तासात किती पायी, त्यांत किती मुलं, किती जणांच्या डोक्यावर ओझं, ओझ्याची साधारण रुंदी. ओझ्याची रुंदी का, तर गवताचा भारा घेऊन चाललेल्या बाईशेजारून ट्रॅक्टर जायचा तर किती जागा लागेल हे त्यावरून कळतं. मी खरंच टेप घेऊन भारे मोजले. बायका हसल्या, 'गवत विकत घेते की काय' म्हणाल्या.

साहेबांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मी इथली असून माझ्या ध्यानात आली नव्हती. मंदीच्या दिवसांतली गणना आपल्याकडे येते कधी? भात निघालं, दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, भिवंडीकडे, वसईकडे. दाराला कडी. पावसाच्या तोंडावर माणसं परत येतात. म्हणजे मधल्या महिन्यांत जो मोजायला येईल त्याला पाडा ओसच दिसणार, आणि पाणी फरशीवरून जात असतं तेव्हा सगळी घरी असतात पण मोजणारा नसतो. टिपणीत तेही गेलं, दोन ओळींत.

पुलाच्या आराखड्यात एका बाजूला दीड मीटरची पायवाट धरली गेली. पूल अजून पूर्ण नाही. गेल्या महिन्यात बघून आले, खांब वर आलेत. आराखड्यातली पट्टी प्रत्यक्षात उतरेपर्यंत मी काही बोलणार नाही, सरकारी कामाचा मला थोडा अनुभव आहे.

आता पाड्यांबद्दल, कारण खरं तर यासाठीच मी बोलायचं कबूल केलं.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. तिच्यात रस्ता गावाला मिळत नाही, वस्तीला मिळतो. हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. देशावर गाव म्हणजे एका जागी गोळा झालेली घरं. आपल्याकडे एका महसुली गावात दहा-बारा पाडे, मध्ये ओहळ, टेकाड, वाड्या. सपाट भागात वस्तीची लोकसंख्या पाचशे लागते. डहाणू आणि तलासरी हे पूर्ण तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, म्हणून आपल्याला अडीचशेची सवलत आहे. शिवाय पाचशे मीटरच्या परिघातल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. म्हणजे दीडशेचा एक पाडा आणि सव्वाशेचा शेजारचा पाडा मिळून पात्र ठरू शकतात. पण ते दोन पाडे शेजारी आहेत हे यादी करणाऱ्याला माहीत हवं. योजनेचा चौथा टप्पा २०२४ साली मंजूर झाला, त्यात २०११च्या जनगणनेची लोकसंख्या धरली आहे.

मी अशा याद्या तपासल्या आहेत. 'पाटीलपाडा' हे नाव एका तालुक्यात किती ठिकाणी येतं विचारू नका. एकाच पाड्याची दोन कागदांवर दोन नावं असतात. कुठे ओहळाच्या अलीकडचा आणि पलीकडचा पाडा एकच धरलेला असतो, कारण नकाशावर ओहळ बारीक निळी रेघ असते आणि ती जुलैत कशी दिसते हे रेघ काढणाऱ्याने पाहिलेलं नसतं. बाहेरून आलेल्या हुशार, प्रामाणिक सहकाऱ्याला हे कसं कळणार? मला कळतं ते मी हुशार आहे म्हणून नाही. मी त्या ओहळातून शाळेत आले आहे.

या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई आल्या त्याला आता सात दशकं होत आली. १९५७ साली बोर्डीहून त्यांचं काम इथे आलं. मोठी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे होती, तर या बायांनी गुरं चरतात तिथेच शाळा नेली. कुरणशाळा. आपल्याला ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की आपण ती ऐकतच नाही. मला ती पुन्हा ऐकू आली ती ताडपत्रीखाली बसून. त्यांनी पटावर नसलेलं मूल कुठे असतं ते आधी जाऊन बघितलं होतं. आमच्या खात्याच्या भाषेत याला प्रत्यक्ष पाहणी म्हणतात आणि तिचा प्रवासभत्ता मिळतो. त्यांना काही मिळत नव्हतं.

म्हणून मागच्या मुलांना सांगते, विशेषतः मुलींना. नोकऱ्यांच्या जाहिराती निघतात तेव्हा तुम्ही तलाठी, पोलीस, शिक्षक एवढंच बघता. हेही बघा. पहिली दोन-तीन वर्षं ऊन, धूळ, रात्रपाळी आणि एक्सेल. कुणी सत्कार करत नाही. शौचालयाची सोय नसलेल्या ठिकाणी बसावं लागतं, हे मुलींना आधीच सांगितलेलं बरं. मी जवळच्या घराशी आधी ओळख करून घ्यायचे, आणि एकाही घराने नाही म्हटलं नाही. पण पाड्यांची नावं ज्यांना तोंडपाठ आहेत अशी माणसं त्या खुर्चीवर हवीत.

आणि मोठ्यांसाठी एक काम आणलं आहे. चहाच्या टेबलावर मी एक जाड वही ठेवली आहे. तिच्यात चार रकाने आखलेत. तुमच्या पाड्याचं नाव, म्हणजे लोक म्हणतात ते आणि कागदावर असेल ते, दोन्ही. घरं किती. पावसाळ्यात वाट कोणत्या ओहळापाशी तुटते. आणि शेजारचा पाडा चालत किती मिनिटांवर. ही सरकारी वही नाही, माझी आहे. यातून रस्ता मिळेल असं आश्वासन मी देत नाही, मला तो अधिकारच नाही. पण ग्रामसभेत यादी वाचली जाते तेव्हा ती पडताळून बघायला आपल्या हाती काहीतरी असेल. ठराव करायचा झाला तर आकडे असतील. घरांची संख्या अंदाजे लिहू नका. माहीत नसेल तर आज जाऊन मोजा आणि उद्या मला फोन करा.

चहा आधी घ्या, नाही तर वहीवर सांडेल. आणि पेन दोऱ्याने बांधलेलं आहे, ते तसंच राहू द्या.